भोपळ्याला प्रदक्षिणा

नाव मी चालवणार, असं म्हटल्यावर सगळ्यात आधी जो माणूस हसला तो माझा नवरा होता. मोठ्यानं हसले असते तर मी सोडून दिलं असतं. ते नाकातून हसले. इतक्या वर्षांच्या संसारात ते हसणं मी चांगलं ओळखते. त्याचा अर्थ, विषय संपला, चहा टाक. मी चहा टाकला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही माणसं बसायची नाव नव्हे. हातभर लांब, टोकदार, वजनाला तान्ह्या लेकराएवढी. वर कमरेइतकं उंच पांढरं शीड. पोटाखाली शिशाचा गोळा, त्यामुळं वाऱ्यानं आडवी झाली तरी पुन्हा उभी राहते. आत सेलवर चालणाऱ्या दोन लहानशा मोटारी असतात, पण त्या नाव पुढं ढकलत नाहीत. एक सुकाणू वळवते, दुसरी शिडाची दोरी ओढते किंवा सैल सोडते. काठावर उभ्या माणसाच्या हातात रिमोट, त्यावर दोन दांड्या. पुढं जायचं ते वाऱ्यावरच. वारा नसला की ही नाव आणि पाण्यात पडलेली चप्पल यांत काही फरक राहत नाही.

हे खूळ आमच्याकडं आणलं ते यांनीच. आमचे हे आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वसमतच्या घरात बसून फोनवर कुठल्या कुठल्या देशांतल्या म्हाताऱ्यांच्या शर्यती बघायचे, आणि एके दिवशी म्हणाले, "ह्यात काय अवघड आहे?" त्यांच्या तोंडून हे वाक्य आलं की घरातली एखादी चालू वस्तू उघडली जाते. या वेळी माझा मिक्सर वाचला. कुरुंद्याजवळ शेत असलेले एक गुरुजी यांचे जुने मित्र आहेत. तांड्यावर वाढले, जन्मभर शाळेत शिकवलं, आता हळद लावतात. त्यांच्या शेडमध्ये यांनी नावेचा साचा केला आणि त्या साच्यातून सहा नावा काढल्या. चालवायला गुरुजींचंच शेततळं. मोटारी, शिसं, शिडाचं कापड, सगळं सहा जणांनी मिळून आणलेलं. म्हणून नाव कुणा एकाची नाही, मंडळाची. जो चालवतो त्याच्या घरी ती राहते, इतकंच.

आणि मग नियम. नियम करायची यांना भारी हौस. दरवर्षी हुरड्याच्या दिवसांत गुरुजींच्या शेतात आमचा मेळावा भरतो. सकाळी सराव, मधे हुरडा, दुपारी एक शर्यत. पहिल्या वर्षी सहांपैकी एकाची नाव वर्षभर माळ्यावर पडून राहिली होती. यांना ते सहन होईना. सगळ्यांसमोर उभं राहून यांनी सांगितलं की मेळाव्याच्या शर्यतीत जी नाव शेवटची रेघ ओलांडणार नाही, ती मागणाऱ्याला द्यायची. चालवायची नाही तर अडवून धरायची नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती माळ्यावरची नाव त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी गेली. ज्याची गेली तो बिचारा पुढं कधी फिरकला नाही.

मग यांच्या डोळ्यांचा पडदा साखरेनं खाल्ला. नांदेड झालं, हैदराबाद झालं. आता यांना उजेड आणि अंधार कळतो. दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते. स्वतःच्या हाताची बोटं दिसत नाहीत. डोळे गेले तसं यांनी घरातलं एकेक सामान वाटायला काढलं. आधी स्कूटर, मग हत्यारांची पेटी, मग ज्या टेबलावर नकाशे काढायचे ते टेबल. प्रत्येक वेळी एकच वाक्य, "पडूनच आहे." मी बघत होते. मला वाटायला लागलं, हा माणूस एक दिवस स्वतःलाच कुणाला तरी देऊन टाकेल, पडूनच आहे म्हणून.

शेवटी नाव तेवढी राहिली. मागच्या वर्षी मंडळानं आम्हाला सूट दिली होती. या वर्षी मेळाव्याआधी मेडिकलवाले भाऊजी घरी आले. त्यांचं औषधांचं दुकान आहे, मंडळातले आहेत, आणि शर्यतीचे पंचही तेच. सोबत त्यांचा मेव्हणा. मेव्हण्याला नाव हवी होती. तो आमच्या बैठकीत बसून सारखा माळ्याकडं बघत होता, मुलगी बघायला आलेले लोक आतल्या दाराकडं बघतात तसा.

"घेऊन जा," हे म्हणाले. "पडूनच आहे."

"आत्ता न्हाई सर," भाऊजी म्हणाले. "नियमानं होऊ द्या. मेळाव्यात तुमच्या हातानं द्या, बरं दिसंल."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "भाऊजी, शर्यत पुरी केली तर नाव राहते ना?"

"राहते की वहिनी. पण सरांना आता..."

"सरांचं न्हाई विचारून राहिले मी. मी चालवते."

ते नाकातलं हसणं तेव्हाचं.

पाहुणे गेल्यावर जुंपली. "तुला डावं-उजवं तरी कळतं का?" हे म्हणाले. मी म्हटलं, शिकेन. "लोकं हसतील." हसू द्या. "तुला न्हाई, मला हसतील. म्हणतील, ह्याला दिसंना झालं म्हणून बायकोला उभी केली काठावर." असं आहे होय! म्हणजे नावेचं दुःख नाही, लोकांच्या तोंडाची काळजी. मी तेवढं बोलून दाखवलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत खिडकीमागं बसून लोकांशी बोलले आहे, त्यामुळं माझा आवाज अंमळ मोठाच असतो. शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला. त्यानंतर कितीतरी दिवस यांनी माझ्याशी फक्त 'मीठ' आणि 'पाणी' एवढेच शब्द वापरले.

मी गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "या की वहिनी. तळं काय पळून चाललंय?"

नाव पोत्यात घालायची, शीड काढून जुन्या चादरीत गुंडाळायचं आणि कुरुंद्याची एस्टी धरायची. पहिल्याच दिवशी कंडक्टरनं मांडीवरच्या पोत्याकडं बोट दाखवलं. "मावशी, हे काय हाय?"

"नाव."

"नाव न्हाई विचारलं, मावशी. पोत्यात काय हाय?"

"नावच आहे."

"तुमचं नाव मला काहून सांगून राहिल्या? पोत्यात काय हाय ते सांगा ना!" मागचे लोक हसायला लागले. मी पोत्याचं तोंड उघडून दाखवलं. त्यानं आत वाकून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिकीट फाडलं.

शेततळं म्हणजे चौकोनी मोठा खड्डा, आतून काळा कागद, भोवती मातीचा उंच बांध आणि जाळी. त्या कागदावर पाय पडला की माणूस सरळ पाण्यात, आणि मला पोहता येत नाही. म्हणून बांधावर जिथं उभं राहायचं तिथं गुरुजींनी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. त्यांनी मला शिकवलं ते शाळेत शिकवतात तसं, न रागावता, तेच तेच पुन्हा. "वारं तोंडावर असलं की नाव सरळ जात न्हाई वहिनी. चढावर सायकल कशी चढवतो आपण? नागमोडी. तसं. आन् नाव आपल्याकडं येऊन राहिली की तिचं उजवं ते आपलं डावं." हे शेवटचं ऐकायला सोपं आहे. मी कितीदा तरी नाव बांधावर नेऊन आपटली. एकदा ती कोपऱ्यात शेवाळात रुतून बसली, तेव्हा मी रिमोट खाली ठेवून तिला अशा शिव्या दिल्या की गुरुजी विहिरीची मोटर बघायला म्हणून निघून गेले.

पण मग एका सकाळी तुरीच्या रानावरून वारा आला, मी दोरी किंचित ढिली केली, आणि नाव एका कुशीवर झुकून अशी निघाली की पाण्याला कापल्याचा आवाज आला. मी काही केलं नव्हतं, फक्त अडवलं नव्हतं. जन्मभर मी जे जे पुढं नेलं ते ढकलून नेलं आहे. फाईल असो, संसार असो, नवरा असो. न ढकलता काही इतकं सुरेख पुढं जातं हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं. घरी येऊन मी यांना काही सांगितलं नाही. मीठ पुढं सरकवलं.

मेळाव्याच्या दिवशी हे आले, पण ते नाव द्यायला म्हणून. इस्त्रीचा सदरा घातला होता. मुलगी सासरी पाठवताना होतो तसा चेहरा. गुरुजींनी यांची खुर्ची बांधावर, चुन्याच्या रेघेच्या बरीच आत मांडली. मेडिकलवाल्यांचा मेव्हणाही आला होता, आणि त्यानं सोबत गोधडी आणली होती. नाव त्याच्या जीपमध्ये आदळू नये म्हणून! ती गोधडी त्यानं माझ्या डोळ्यांदेखत सीटवर अंथरून ठेवली. चार फुलांची, नवीकोरी.

शर्यत अशी. जवळच्या काठाला पाण्यात दोन बांबू रोवलेले, त्यांच्या मधली रेघ म्हणजे सुरुवात आणि शेवटही तीच. पलीकडच्या टोकाला, वारा येतो त्या बाजूला, दगड बांधून सोडलेला एक मोठा सुका भोपळा तरंगत असतो. पूर्वी पोरं पाठीला बांधून पोहायला शिकायची तसला. नागमोडी भोपळ्यापर्यंत जायचं, त्याला वळसा घालायचा आणि वाऱ्यासोबत परत यायचं. गुरुजींकडं फाटकाचा उरलेला रंग होता तो त्यांनी भोपळ्याला दिला, आणि तो रंग निघाला शेंदरी. लांबून बघितलं तर पाण्यात देव मांडलाय असंच वाटायचं.

या वर्षी नांदेडहून दोन पाहुणे आपापल्या नावा घेऊन आले होते. दोघंही बाहेरगावच्या शर्यती खेळलेले. त्यांनी विचारलं, भोपळा कुठल्या हाताला ठेवायचा? आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. हा प्रश्न आमच्याकडं कधी कुणाला पडलाच नव्हता. उजव्या हाताला, आणखी कुठं? पाहुणे म्हणाले, सगळीकडं डाव्या हाताला ठेवतात, आपणही तसंच करू. ठीक आहे म्हणाले सगळे, माना हलवल्या आणि सकाळचा सराव सुरू झाला. पाहुण्यांच्या दोन नावा भोपळा डाव्या हाताला ठेवून वळल्या आणि आमच्या सगळ्या समोरून, उजव्या हाताला ठेवून. भोपळ्यापाशी सणासुदीचा एस्टी स्टँड झाला. नावेवर नाव, शिडात शीड.

"काय झालं? कशाचा आवाज?" यांनी खुर्चीतून विचारलं.

"काही न्हाई सर," गुरुजी म्हणाले, "समद्यांनी देवाला प्रदक्षिणा घातली."

त्यावर हेसुद्धा हसले. मी ते हसणं जपून ठेवलं, कारण नाकातलं नव्हतं.

दुपारी हुरडा झाला. बायका आगटीभोवती बसून कणसं चोळत होत्या आणि मला तिथं जागा करून ठेवली होती. गुरुजींच्या घरच्यांनी दोनदा हाक मारली. मी हातावर हुरडा घेतला आणि उभ्यानंच खाल्ला. मला माहीत होतं, एकदा तिथं बसले की कुणी तरी सूप हातात देईल आणि मग मी उठायची नाही.

भाऊजींनी शिट्टी गळ्यात अडकवली. "चला, नावा घ्या!" पुरुषांनी आपापल्या नावा उचलल्या. मी अजून शिडाची गाठ बघत होते. "वहिनी, तुमीबी नाव घ्या!"

आगटीकडून आवाज आला, "उखाण्यात घ्या हो!" आणि सगळा बांध हसला. हेही अवघडून खुर्चीत हलले.

"नाव घेतली आहे, भाऊजी," मी म्हटलं. "सोडायची न्हाई."

शिट्टी झाली. आठ नावा निघाल्या. वारा चांगला होता, तुरीवरून येणारा, अंगाला गार लागणारा. मी बांधाच्या बाजूनं गेले, कारण तिथं वारा सरळ राहतो हे मला त्या सगळ्या सकाळींत कळलं होतं. दोन नावा मधेच एकमेकींना अडकल्या. मी पुढं. भोपळा जवळ आला तेव्हा माझ्यापुढं फक्त पाहुण्यांच्या दोन नावा होत्या. मी तिसरी होते! मी, जिला डावं-उजवं कळत नाही! डाव्या हाताला, डाव्या हाताला, असं मी मनात घोकत होते. आणि भोपळा समोर आला, शेंदरी, ओला, उन्हात चमकणारा, आणि माझ्या अंगठ्यानं नाव सरळ त्याला उजव्या हाताला ठेवून नेली.

माझं माहेर औंढ्याचं. तिथल्या शंकराच्या देवळातल्या पूजेअर्चेचं काम आमच्या घरात कधीपासून चालत आलेलं. शाळेत जायच्या आधी देवळात जाऊन यायचं, देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं. चालता येत नव्हतं तेव्हा वडिलांच्या कडेवरून फिरले असेन. ज्या गोष्टी पायांना ठाऊक असतात त्या अंगठ्यांनाही ठाऊक असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"वहिनी, उलटी गेली!" भाऊजी ओरडले. "बाद!"

मागच्या नावा एकेक करून भोपळा डाव्या हाताला ठेवून नीट वळून निघून गेल्या. सकाळी ज्यांनी माझ्यासोबत प्रदक्षिणा घातली होती, त्या सगळ्यांना दुपारी बरोबर आठवलं होतं. मेव्हणा खुर्चीवरून उठला. त्याची नजर जीपकडं गेलेली मी पाहिली.

तेवढ्यात नांदेडच्या पाहुण्यांतले एक म्हणाले, "बाद कशी? त्यांना सोडवून घेता येतं." आपली नाव चालवता चालवताच, नजर न हलवता, त्यांनी सांगितलं. "नावेच्या मागं दोरा बांधलाय समजा. तो भोपळ्याला उलटा गुंडाळला गेला. आल्या वाटेनं मागं जाऊन तो सोडवायचा, मग सुलटा वळसा घालायचा. सगळीकडं चालतं हे."

"सोड गं आता," हे खालच्या आवाजात म्हणाले. "किती हसू करून घेशील? देऊन टाकू."

मला जो संताप आला तो आजही अंगावर येतो. मी पाण्यावरची नजर काढली नाही. "तुम्हाला लाज वाटत असेल तर जीपमध्ये जाऊन बसा," मी म्हटलं. "तिथं गोधडी अंथरलेली आहे."

आणि मी नाव मागं फिरवली. लोकांना वाटलं, हिला आता काय कळणार मागं कसं फिरायचं. पण शंकराच्या देवळात प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. ज्या देवळानं मला चुकवलं त्याच देवळात मी मागं फिरायलाही शिकले होते. मी दोरी ओढली, सुकाणू वळवलं, नाव वाऱ्याच्या तोंडाला लागून थबकली, फडफडली, आणि मग हळूच दुसऱ्या कुशीवर झुकली. ज्या बाजूनं गेले होते त्याच बाजूनं तिला मागं घेतलं. मग सुलटा वळसा, भोपळा डाव्या हाताला. पाहुणे लांबून म्हणाले, "बरोबर!"

तोवर सगळे परत पोचले होते. एकेकाला शिट्टी मिळाली, टाळ्या मिळाल्या. आणि माझी नाव भोपळ्यापासून थोडी अलीकडं आली आणि वारा पडला.

पडला म्हणजे मेलाच. तुरीचं पानसुद्धा हलेना. शीड लोंबायला लागलं. तळ्याच्या मधोमध ती उभी, आणि बांधावर मी उभी. लोकांनी आपापल्या नावा पुसल्या, शिडं गुंडाळली. कुणी तरी चहा आणून दिला तो मी घेतला नाही, हात रिकामे नव्हते. ऊन उतरायला लागलं.

मेव्हणा दोरी घेऊन आला. बंद पडलेली नाव ओढून आणायला चेंडू बांधलेली दोरी असते, ती. "आणू का ओढून वहिनी?" नावेला हात किंवा दोरी लागली की शर्यत संपते, हे त्याला माहीत होतं.

"ती दोरी खाली ठेवा," मी म्हटलं, "न्हाईतर तुमची गोधडी तळ्यात टाकते."

त्यानं दोरी खाली ठेवली. मग भाऊजी आले, घसा साफ करून. "वहिनी, लई वेळ झाला. पाहुण्यांना नांदेड गाठायचंय."

"नियमात वेळ आहे का?"

ते यांच्याकडं वळले. "सर, नियम तुमचा आहे. तुमीच सांगा. बास ना आता?"

सगळे यांच्याकडं बघायला लागले. मीसुद्धा, एक क्षण, पाण्यावरची नजर काढून. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. सकाळपासून ज्याच्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते ते झालं असतं, आणि दोष माझ्या माथी. हे खुर्चीत ताठ बसले होते, मान थोडी वर, फिटरच्या पोरांची तोंडी परीक्षा घेताना बसायचे तसे. मला मनातून भीती वाटत होती. तीसुद्धा मी लपवत नाही.

"नियमात वेळ न्हाई," हे शेवटी म्हणाले. मग नाराजीनं, स्वतःवरच चिडल्यासारखं, "टाकायला पाहिजे होता. राहून गेला."

"मग?" भाऊजी म्हणाले.

"मग काय? थांबा."

भाऊजी जाऊन आगटीपाशी बसले. पाहुणे गेले नाहीत. ते बांधावरच मांडी घालून बसले. थोड्या वेळानं हे म्हणाले, "पाणी कुठं काळं दिसून राहिलं का बघ. वारं येताना आधी पाणी काळं पडतं."

"बघून राहिले."

"तुरीकडं बघ."

"तिकडंच बघून राहिले. तुम्ही गप्प बसा."

आणि पाणी काळं पडलं. पलीकडच्या काठाशी, सुरकुती पडल्यासारखं, आणि ती सुरकुती सरकत सरकत भोपळ्यापर्यंत आली. "आलं," मी म्हटलं. "ढील दे," हे म्हणाले, आणि त्याच वेळी माझा अंगठा दांडीवर होता. शीड बाहेर गेलं, पोटात वारा भरला. नाव कासवाच्या गतीनं निघाली, पण निघाली. आगटीजवळच्या बायका उठून जाळीपाशी आल्या. गुरुजी चुन्याच्या रेघेवर वाकून हातवारे करत होते, जणू ती त्यांचं ऐकणार होती. मेव्हणा एकटा जीपपाशी उभा. ती सरकत राहिली, मी तिला अडवलं नाही, ढकललं नाही, आणि ती दोन बांबूंच्या मधून अलीकडं आली.

कुणी काही केलं नाही. "भाऊजी," मी म्हटलं, "शिट्टी."

त्यांनी वाजवली. मनापासून नसेल, पण वाजवली.

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. मी नाव स्वतः काठीनं ओढून घेतली, पदरानं पुसली. कुणाला हात लावू दिला नाही.

वसमतला परत येताना आम्ही गुरुजींच्या जीपमध्ये मागच्या बाकावर होतो, नाव माझ्या मांडीवर. कुरुंदा मागं पडेपर्यंत हे गप्प होते. मग बोलायला लागले ते थांबेनात. भोपळ्याला वळताना शीड किती ओढलं होतं? मागं फिरवलीस तेव्हा नाव थबकली का, आणि किती वेळ? बांधाकडनं गेलीस ते कुणी सांगितलं? "पहिल्या वळणाला उशीर केलास," म्हणाले. "मी फडफड ऐकली. आधी वळायला पाहिजे होतं." मी म्हटलं, तिसरी होते तेव्हा. "पहिली असतीस," म्हणाले. दीड वर्षात या माणसानं एवढे शब्द उच्चारले नव्हते. समोरून येणाऱ्या गाड्यांचा उजेड चेहऱ्यावर पडत होता आणि मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते, थकवा नाही की काही नाही. मी त्यांच्यावर इतकी खूश होते की भांडत राहिले.

मग त्यांनी हात पुढं करून चाचपडत नावेची कड धरली. "ऐक," म्हणाले. "पुढच्या साली रिमोट मी धरतो. तू शेजारी उभी राहा. तू नुसतं सांगायचं, डावं, उजवं, वारं कुठून आहे. माझे हात, तुझे डोळे. जमतंय बघ."

गुरुजींनी आरशातून मागं पाहिलं. मला कळत होतं काय म्हणायला हवं. मी ही नाव कशासाठी वाचवली होती? याच माणसासाठी, याच वाक्यासाठी. हो म्हणायला काय जात होतं! पण मला ती सकाळ आठवत होती, तुरीवरचा वारा, तो पाणी कापल्याचा आवाज. त्या दांड्यांवरून माझे अंगठे आता निघणार नव्हते. आणि दया म्हणून हो म्हणणं यांना सगळ्यांत आधी कळलं असतं.

"न्हाई," मी म्हटलं. "रिमोट माझा आहे."

गुरुजींनी गिअर बदलला. मग हे म्हणाले, "म्हणजे मी काय आता त्या मेडिकलवाल्याच्या मेव्हण्यासारखं वाट बघत बसायचं का? तुझी नाव कधी रेघ ओलांडत न्हाई म्हणून?"

"बसा की," मी म्हटलं. "पण त्याच्या मागं. त्याचा नंबर आधी आहे."